किल्लेदाराला कडा चढता यावा का?

टिळकवाडीत दर रविवारी आमचा डंजन्स अँड ड्रॅगन्सचा डाव बसतो. या खेळात प्रत्येकजण एक पात्र होऊन गोष्टीत उतरतो, आणि जमलं की नाही ते फासे टाकून ठरतं. गेला महिनाभर तिथं एकच वाद चाललाय. राजहंसगडावर जाऊन आलेल्या एका मित्रानं फायटर म्हणजे लढवय्या, या क्लाससाठी (पात्राच्या प्रकारासाठी) ‘किल्लेदार’ नावाचा सबक्लास, म्हणजे पोटप्रकार, लिहून आणला. दरवाजा अडवून उभा राहणारा, बुरुज राखणारा, शिवाय उभा कडा सरसर चढणारा. चोर खेळणारी मैत्रीण लगेच म्हणाली, “कडा तोच चढला, तर मी काय करायचं की?” (पुस्तकात चोराचं नाव कधीच बदललं, आमच्याकडं तो चोरच.)

हा प्रश्न खेळाइतकाच जुना आहे. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा खेळ छापून आला तेव्हा क्लास तीनच होते: फायटिंग मॅन (लढवय्या), मॅजिक यूजर (जादूगार) आणि क्लेरिक (पुजारी). भिंत चढायची असेल तर कुणीही तसं सांगायचं, आणि जमलं की नाही ते डाव चालवणारा ठरवायचा. 1975 च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीत चोर आला तो टक्केवारीचा तक्ता घेऊनच. कुलूप उघडणं, सावलीत लपणं, पाय न वाजवता चालणं, सगळ्याला आकडा. त्या तक्त्यानं चोराला ओळख दिली. पण कालपर्यंत सगळ्यांची असलेली कामं त्याच दिवशी एकट्या चोराच्या नावावर झाली. एकाला काही दिलं की दुसऱ्याचं काहीतरी जातं, हे तिथं पहिल्यांदा दिसलं.

ताकदीचा तोल तेव्हा वेगळ्या वाटेनं साधत. 1978 च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये पात्राची दुसरी पातळी गाठायला चोराला सुमारे 1,250 अनुभवाचे गुण पुरत, फायटरला 2,000 आणि मॅजिक यूजरला 2,500 लागत. सुरुवातीचा जादूगार एका घावात आडवा व्हायचा, टिकला तर पुढं सगळ्यांना भारी पडायचा. अशा तोलाला फार धीर लागतो.

2000 च्या तिसऱ्या आवृत्तीनं सगळ्यांना गुणांचा एकच तक्ता दिला. जादूगाराच्या गळ्यातलं हे लोढणं सुटलं, जादू मात्र तेवढीच राहिली. 2003 च्या सुधारित नियमांत ड्रुइड (निसर्गाची जादू करणारा क्लास) अस्वल होऊन लढायचा, एक फीट (पात्रासाठी निवडायची जादा खुबी) घेतली की अस्वलाच्या रूपातच मंत्र टाकायचा, आणि वर सोबतीला पाळलेला लांडगा. शेजारी तलवार घेऊन उभ्या फायटरनं करायचं काय?

2008 च्या चौथ्या आवृत्तीनं यावर सरळ उपाय केला. प्रत्येक क्लासला कधीही वापरायच्या, लढाईत एकदा वापरायच्या आणि दिवसातून एकदाच वापरायच्या शक्तींचा सारखाच साचा. सगळे क्लास एकाच छापाचे झाले, अशी तक्रार झाली, आणि ती अगदीच खोटी नव्हती. तरी मला वाटतं, फायटरला सर्वांत ठळक ओळख याच आवृत्तीत मिळाली. तो शत्रूवर खूण करायचा. त्या शत्रूनं दुसऱ्या कुणावर हात उचलला तर नेम बिघडायचा, आणि शेजारी उभ्या फायटरचा घाव बसायचा तो वेगळाच. म्हणजे आमचा दरवाजा अडवणारा किल्लेदारच तो!

पुढची गोष्ट वाद घालताना आम्हाला फार उपयोगी पडली. पाचव्या आवृत्तीच्या खुल्या चाचणीत, 2012 साली, फायटरला खास त्याचे असे जादा फासे दिले होते. आवडले म्हणून ते चोरालाही देऊन झाले, आणि फायटरचं वेगळेपण गेलं. 2014 साली पुस्तक आलं तेव्हा तसेच फासे बॅटल मास्टर या एका सबक्लासपुरते उरले होते. 2024 च्या पुस्तकात शस्त्रांची मास्टरी (शस्त्रागणिक एक खास करामत) पाच क्लासना मिळाली, पण फायटरला पहिल्याच पातळीवर एक शस्त्र जास्त आणि नवव्या पातळीपासून त्यात फेरफार करायची मुभा. वाटून घेतलेल्या गोष्टीतही एकाचा हात वरचा राहू शकतो, हे मला पटतं.

त्याच धर्तीवर आम्ही किल्लेदाराची चढाई काढून टाकलीय. त्याऐवजी वर चढलेल्या चोरानं सोडलेला दोर किल्लेदारानं खाली धरला, तर बाकीच्यांना फासा न टाकता वर जाता येईल, असा नियम लिहिलाय. खानापूरहून येणारा, रेंजर (रानात वावरणारा क्लास) खेळणारा आमचा मित्र म्हणतो, जंगलातल्या कड्यावर दोर बांधायचं काम त्याचं. त्यावर रविवारी बसायचंय.