ती अळंबी नव्हेच!

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या काकूंच्या शोकेसमध्ये बशीएवढी एक पांढरी चकती आहे. 'समुद्रातली दगड झालेली अळंबी' म्हणून आल्यागेल्याला दाखवली जाते. कुणी वनस्पती म्हणतं, कुणी बुरशी. दोन्ही चूक.

हा प्रवाळ नावाच्या समुद्री प्राण्याचा सांगाडा आहे, आणि तोही बहुधा एकाच प्राण्याचा. हात लावून बघा: मधे एक चीर, तिच्यापासून कडेपर्यंत पातळ, दातेरी पापुद्रे. चीर म्हणजे तोंडाची जागा. अळंबीचे पापुद्रे टोपीच्या खाली असतात, इथे ते वर आहेत! तरीही जीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1758 मध्ये या प्रवाळाच्या नावात 'फंगायटिस' (फंगस म्हणजे बुरशी) घातलं, निसर्गशास्त्रज्ञ लामार्कने 1801 मध्ये 'फंगिया' ही प्रजातीच (जवळच्या जातींचा गट) केली, आणि बुरशी कायमची चिकटली. आपण नाही का सयाजीबागेच्या म्युझियममधल्या सस्तन प्राण्याला देवमासा म्हणत?

लहानपणी हे प्रवाळ देठावर उभं असतं, तेव्हा खरंच छत्रीसारखं दिसतं. मग देठ तुटतो आणि चकती समुद्रतळावर मोकळी पडते. वाळूखाली गेली तर अंग फुगवून वर येते.

फिशटँकवाले ज्याला 'मशरूम' म्हणतात तो मऊ, बिनसांगाड्याचा प्राणी वेगळ्याच गणातला. खुद्द फंगियातही पूर्वी बऱ्याच जाती कोंबल्या होत्या. डीएनए तपासल्यावर 2011 मध्ये त्या इतर प्रजातींत वाटल्या गेल्या आणि फंगियात एकच उरली, फंगायटिस.

काकूंना सांगितलं. म्हणाल्या, "मग रोज पुसायला हवं, बिचारा प्राणी आहे."