असिस्टंटशिप, फेलोशिप आणि आई-वडिलांच्या दराने लागणारा कर

अमेरिकेत एम.एस. करणाऱ्या दोन मुलींचे उदाहरण घेऊ. दोघी २२ वर्षांच्या, पूर्णवेळ विद्यार्थिनी, तिथल्याच नागरिक. दोघींचे आई-वडील २४ टक्क्यांच्या करटप्प्यात आहेत, आणि २०२५ साली दोघींना विद्यापीठाकडून प्रत्येकी २०,००० डॉलर मिळाले, जे घरभाडे आणि किराणा यांतच संपले. दुसरे काही उत्पन्न नाही. एकीच्या पत्रात ‘असिस्टंटशिप’ असा शब्द आहे, दुसरीच्या पत्रात ‘फेलोशिप’. पहिलीचा फेडरल प्राप्तिकर ४२५ डॉलर होतो आणि दुसरीचा १,०२०. बोलताना दोन्ही रकमांना सर्रास ‘स्टायपेंड’ म्हटले जात असल्यामुळे हा फरक बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, आणि आला तरी तो पगार आणि बक्षीस यांच्यातला असावा, असे वाटून विषय सोडून दिला जातो. प्रत्यक्षात फरक पडतो तो एका शब्दाच्या दोन व्याख्यांमुळे.

असिस्टंटशिप म्हणजे कामाचा मोबदला. वर्ग घेणे, उत्तरपत्रिका तपासणे किंवा प्राध्यापकांच्या प्रकल्पावर ठरलेले तास संशोधन करणे ही ते पैसे मिळण्याची अट असते. फेलोशिपचे पैसे विद्यार्थ्याच्या स्वतःच्या अभ्यासासाठी दिलेले असतात आणि त्यांच्या बदल्यात संस्थेला सेवा द्यावी लागत नाही. अमेरिकी करसंहितेचे कलम ११७ पत्रावरच्या नावाकडे पाहत नाही. पदवीसाठी शिकणाऱ्याला मिळालेल्या शिष्यवृत्तीतून शिक्षणशुल्क, अनिवार्य फी आणि अभ्यासक्रमात सर्वांना सक्तीची असलेली पुस्तके व साहित्य यांवर जितका खर्च झाला, तितकीच रक्कम ते करमुक्त ठेवते. राहणे, जेवण आणि प्रवास यांवर गेलेले पैसे करपात्र ठरतात. अध्यापन किंवा संशोधनाची सेवा ही अट असेल, तर ‘फेलोशिप’ असे नाव देऊनही ती रक्कम मोबदलाच मानली जाते. भारतात १९६१च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम १०(१६)ने शिक्षणखर्चासाठीची शिष्यवृत्ती करमुक्त ठेवली होती. तो संस्कार पक्का असलेल्या आपल्या घरांत ‘शिष्यवृत्तीवर कसला कर?’ हा प्रश्न पहिल्यांदा निघतो, यात नवल नाही.

कागदोपत्री हे दोन्ही प्रकार लगेच वेगळे ओळखता येतात. असिस्टंटशिपसाठी जानेवारीत डब्ल्यू-२, म्हणजे पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, येतो आणि त्यातून कर आधीच कापलेला असतो. फेलोशिपसाठी अमेरिकी नागरिकाला अनेकदा उत्पन्नाचा असा कागदच येत नाही. शुल्काच्या हिशेबाचा १०९८-टी मिळतो आणि त्याच्या पाचव्या चौकटीत शिष्यवृत्तीचा आकडा असतो, पण तो आकडा म्हणजे करपात्र रक्कम नव्हे. ती स्वतः मांडून विवरणपत्राला जोडायच्या शेड्यूल १च्या ८आर या ओळीत लिहायची असते. कागद आला नाही म्हणजे कर नाही, हा समज इथे महागात पडतो. कापणी होत नसल्यामुळे वर्षाअखेरीस १,००० डॉलर किंवा त्याहून अधिक कर निघणार असेल, तर साधारणपणे एप्रिल, जून, सप्टेंबर आणि जानेवारी अशा चार हप्त्यांत तो आगाऊ भरावा लागतो. आदल्या पूर्ण वर्षात काहीच कर देय नसलेल्या नागरिकाला मात्र हप्ते चुकले तरी दंड लागत नाही, आणि फेलोशिपच्या पहिल्या वर्षी ही सवलत पुष्कळ मुलांना वाचवते.

आता त्या शब्दाकडे वळू. अमेरिकी करकायद्यात उत्पन्न ‘अर्जित’ असते किंवा ‘अनर्जित’, म्हणजे कष्टाचे किंवा व्याज-लाभांशासारखे बसल्या जागी येणारे. ज्याला कोणी आपल्या विवरणपत्रात आश्रित दाखवू शकते, त्याची प्रमाणित वजावट, म्हणजे उत्पन्नातून सरसकट वजा होणारी करमुक्त रक्कम, २०२५ साठी १,३५० डॉलर किंवा अर्जित उत्पन्न अधिक ४५० डॉलर, यांपैकी जी रक्कम मोठी ती, पण कमाल १५,७५० डॉलर अशी ठरते. या एका हिशेबापुरती करपात्र फेलोशिप ‘अर्जित’ धरली जाते. त्यामुळे फेलोशिपवाल्या मुलीलाही १५,७५०ची पूर्ण वजावट मिळते आणि करपात्र उरतात ४,२५० डॉलर. इथपर्यंत दोघी बरोबरीने चालतात.

पुढचा फॉर्म ८६१५, म्हणजे ज्याला तिकडे ‘किडी टॅक्स’ म्हणतात तो. १८ वर्षांखालील मुले, आणि स्वतःच्या पोटापाण्याचा निम्म्याहून अधिक खर्च अर्जित उत्पन्नातून न भागवणारे १८ वर्षांचे तरुण व १९ ते २३ वयाचे पूर्णवेळ विद्यार्थी, यांचे अनर्जित उत्पन्न २०२५ साली २,७०० डॉलरच्या वर गेले, तर वरच्या भागावर आई-वडिलांच्या दराने कर लागतो. या फॉर्मसाठी डब्ल्यू-२वर न आलेली करपात्र फेलोशिप ‘अनर्जित’ असते. तोच पैसा, तेच वर्ष, आणि दोन कागदांवर दोन जाती! म्हणून २०,०००मधून २,७०० वजा होऊन १७,३०० उरतात. फॉर्म या आकड्याची करपात्र ४,२५०शी तुलना करून लहान आकडा घेतो, आणि ते सगळे ४,२५० डॉलर २४ टक्क्यांच्या दरात जाऊन कर १,०२० होतो. असिस्टंटशिपवाली मुलगी त्याच ४,२५०वर आपल्या स्वतःच्या १० टक्क्यांनी ४२५ भरते.

हे कोणी ठरवून केलेले दिसत नाही. किडी टॅक्स १९८६च्या करसुधारणा कायद्यात आला तो श्रीमंत पालकांनी शेअर आणि ठेवी मुलांच्या नावावर करून कर वाचवू नये म्हणून, आणि तेव्हा तो १४ वर्षांखालील मुलांपुरताच होता. राहण्या-जेवण्यासाठीचा स्टायपेंड करपात्र झाला तोही त्याच कायद्याने. १४ वर्षांखालची मुले फेलोशिप घेत नसल्यामुळे दोन तरतुदींची गाठ पडण्याचे कारण नव्हते. २००८पासून वयोमर्यादा २३ वर्षांच्या विद्यार्थ्यांपर्यंत वाढली आणि शेअरवाल्या बाळांसाठी विणलेल्या जाळ्यात स्टायपेंडवर जगणारे विद्यार्थी अडकले. २०१८ आणि २०१९ साली तर दर आई-वडिलांचा नव्हे, तर ट्रस्टला लागणारा कडक दर होता. २०१९च्या डिसेंबरातील सिक्युअर कायद्याने तो मागे घेतला. माझ्या मते फेलोशिपला या फॉर्ममधून सरळ वगळणे हाच उपाय आहे, पण तो अजून झालेला नाही.

लहान रकमांवर याचा डंख वेगळ्या रीतीने बसतो. उन्हाळी संशोधनासाठी फेलोशिप म्हणून मिळालेले ६,००० डॉलर हेच एकमेव उत्पन्न असेल, तर वजावट ६,४५० होते आणि कराचा प्रश्नच येत नाही. पण त्याच मुलाच्या नावावर बँकेचे १,००० डॉलर व्याज असेल, तर ५५० डॉलर करपात्र उरतात. ६,००० ही डब्ल्यू-२वरची मजुरी असती, तर अनर्जित उत्पन्न फक्त १,००० असल्यामुळे कर ५५ डॉलर झाला असता. ती फेलोशिप असल्यामुळे अनर्जित बेरीज ७,०००वर जाते आणि पालकांच्या २४ टक्क्यांनी १३२ डॉलर द्यावे लागतात.

‘आम्ही तिला आश्रित दाखवलेच नाही, मग किडी टॅक्स कसा?’ हा पुढचा गोंधळ. आश्रित असण्याची कसोटी आणि ८६१५ची कसोटी वेगवेगळ्या आहेत, आणि पालकांनी आपला हक्क सोडला तरी वय, शिक्षण आणि अर्जित उत्पन्न यांच्या अटी जुळल्या की फॉर्म भरावाच लागतो. ३१ डिसेंबरपर्यंत २४ पूर्ण झाली, तर त्या वर्षापासून सुटका होते. तिसऱ्या ठिकाणी, म्हणजे निवृत्तीच्या आयआरए खात्यात पैसे घालण्याच्या पात्रतेसाठी, पदव्युत्तर विद्यार्थ्याची करपात्र फेलोशिप २०२०पासून पुन्हा कमाईच मानली जाते.

पुण्या-मुंबईहून एफ-१ व्हिसावर गेलेल्यांनी वरचे आकडे जसेच्या तसे स्वतःला लावू नयेत. अनिवासी विद्यार्थ्याच्या करपात्र फेलोशिपमधून साधारणपणे १४ टक्के कर आधीच कापला जातो, त्याचा कागद १०४२-एस हा असतो, आणि भारत-अमेरिका करारातील कलम २१मुळे भारतीय विद्यार्थ्याला प्रमाणित वजावट मिळते.

फॉर्म ८६१५वर पालकाचे नाव, सोशल सिक्युरिटी क्रमांक आणि त्यांचे करपात्र उत्पन्न लिहावे लागते, आणि दुसऱ्या भावंडालाही हा फॉर्म लागत असेल, तर त्याचाही आकडा त्यात येतो. त्यामुळे आई-वडिलांचे विवरणपत्र तयार झाल्याशिवाय मुलीचे पूर्ण होत नाही. त्यांनी ऑक्टोबरपर्यंत मुदतवाढ घेतली असेल, तर मुलीने स्वतःची मुदतवाढ मागावी, किंवा त्यांच्या उत्पन्नाचा रास्त अंदाज लिहून एप्रिलमध्ये विवरणपत्र भरावे आणि खरा आकडा हाती आल्यावर सुधारित विवरणपत्र द्यावे.