होरायझन प्रकरण

ब्रिटनमधील पोस्ट ऑफिसात बसवलेल्या ‘होरायझन’ या संगणकीय हिशेबप्रणालीच्या दोषांमुळे सब-पोस्टमास्तरांवर झालेल्या वसुलीचे व खटल्यांचे प्रकरण. शासकीय तंत्रज्ञान कंत्राट फसले की त्याचा जाब कोणाला विचारला जातो, या प्रश्नाच्या अभ्यासात त्याचा दाखला हटकून दिला जातो. १९९९ ते २०१५ या काळात प्रणालीच्या आकड्यांवर विसंबून चोरी, अपहार किंवा खोटे हिशेब ठेवल्याबद्दल ९०० हून अधिक जण दोषी ठरले. त्यांपैकी सुमारे ७०० खटले पोस्ट ऑफिसने खाजगी फिर्यादीच्या अधिकारात स्वतःच चालवले होते. फिर्यादी, तपास अधिकारी आणि नुकसान सोसल्याचा दावा करणारा पक्ष अशा तिन्ही भूमिका एकाच संस्थेकडे होत्या.

येथे संज्ञेचा एक घोटाळा टाळणे आवश्यक आहे. भारतातील सब-पोस्टमास्तर हा टपाल खात्याचा पगारी नोकर असतो. ब्रिटनमधील सब-पोस्टमास्तर हा बहुधा स्वतंत्र व्यावसायिक. आपल्या दुकानातच तो मोबदल्यावर पोस्टाचा गल्ला चालवतो आणि त्या दुकानात त्याची स्वतःची पुंजी अडकलेली असते. या व्यवसायात भारतीय उपखंडातून आलेल्या कुटुंबांची संख्या मोठी असल्याने पीडितांमध्येही त्यांचे प्रमाण लक्षणीय आहे.

आरंभकाल : प्रकरणाचा आरंभ कधी धरावा याविषयी एकमत नाही. प्रणालीची देशभर उभारणी १९९९ मध्ये सुरू झाली, म्हणून बहुतेक लेखक ते वर्ष धरतात. मात्र शिक्षा रद्द करणाऱ्या २०२४ च्या कायद्याने २३ सप्टेंबर १९९६ ही तारीख स्वीकारली आहे. त्या सुमारास ग्लॉस्टरशरमधील स्ट्राउड परिसरात दहा टपाल कार्यालयांत प्रणालीचे प्राथमिक रूप चाचणीसाठी सुरू झाले होते. काहींच्या मते आरंभ याहूनही मागे न्यावा लागेल, कारण १९९२ पासून काही कार्यालयांत ‘कॅप्चर’ नावाची हिशेबाची आज्ञावली वापरात होती. तिच्यामुळेही हिशेबात खोटी तूट दिसली असण्याची वाजवी शक्यता आहे, असा निष्कर्ष २०२४ मधील स्वतंत्र तपासणीत निघाला. परंतु कॅप्चर पोस्ट ऑफिसने स्वतःच तयार केली होती. तीत बाहेरचा कंत्राटदार नव्हता. कंत्राटी उत्तरदायित्वाच्या दृष्टीने पाहता १९९६ हेच वर्ष अधिक सयुक्तिक ठरते.

कंत्राटाचा उगम : होरायझन मुळात पोस्टाच्या हिशेबासाठी जन्मलेच नाही. मे १९९६ मध्ये ब्रिटिश समाजसुरक्षा खात्याची लाभ-यंत्रणा व पोस्ट ऑफिस काउंटर्स यांनी आयसीएल या ब्रिटिश संगणक कंपनीच्या ‘पाथवे’ या उपक्रमाशी करार केला. निवृत्तिवेतन व इतर भत्ते कागदी चोपड्यांऐवजी चुंबकीय पट्टीच्या कार्डावर द्यावेत, त्यातील लबाडी थांबवावी आणि त्याच ओघात सुमारे १९,००० टपाल कार्यालयांचे संगणकीकरण व्हावे, असा दुहेरी हेतू होता. कराराचे मूल्य सुमारे १ अब्ज पौंड होते. आयसीएलमध्ये फुजित्सू या जपानी कंपनीची बहुसंख्य भागीदारी १९९० पासून होती. १९९८ मध्ये ती पूर्ण मालक झाली आणि २००२ मध्ये आयसीएल हे नावही मागे पडले.

हे काम पाथवेला का मिळाले, हा वादाचा मुद्दा आहे. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या ऑगस्ट २००० च्या अहवालानुसार अंतिम तीन निविदाकारांत पाथवे तांत्रिक व व्यवस्थापकीय अशा ११ निकषांपैकी ८ निकषांवर तिसऱ्या क्रमांकावर होती. तिची निविदा सर्वांत स्वस्त होती. शिवाय खाजगी वित्तपुरवठ्याच्या तत्कालीन धोरणाला अपेक्षित असलेली जोखीम, विशेषतः लबाडीमुळे होणाऱ्या नुकसानीची, अंगावर घ्यायला तीच तयार होती. कंत्राटदाराने स्वतःच्या भांडवलावर यंत्रणा उभारावी आणि पुढे व्यवहारागणिक मोबदला घ्यावा, अशी ही पद्धत. जोखीम कंत्राटदाराची म्हटल्यावर आतली रचना तपासण्याचे सरकारला कारण उरले नाही, अशी टीका एका बाजूने होते. दोन ग्राहकांची उद्दिष्टेच परस्परविरोधी होती, असे दुसरी बाजू म्हणते: समाजसुरक्षा खात्याला भत्ते थेट बँक खात्यांत जमा करून खर्च वाचवायचा होता, तर पोस्टाला गिऱ्हाईक आपल्या दारी टिकवून धरायचे होते. लेखापरीक्षकांनी दोन्ही कारणे नोंदवली आहेत. पुढील घटनाक्रम पाहता दुसऱ्या कारणाने प्रकल्प मोडला आणि पहिल्याने त्याचे अवशेष घातक केले, असे म्हणणे वस्तुस्थितीच्या जवळ जाणारे आहे.

मे १९९९ मध्ये कार्डाचा भाग रद्द झाला. आयसीएलने १८ कोटी पौंडांचा तोटा खाती टाकला. समाजसुरक्षा खाते व पोस्ट ऑफिस यांचा वाया गेलेला खर्च याहून कितीतरी मोठा होता. मात्र या मोडतोडीत कोणाचा दोष किती, याचा निवाडा झाला नाही. त्याऐवजी तडजोड झाली: कार्ड गेले, पण टपाल कार्यालयांच्या संगणकीकरणाचे काम पाथवेकडेच राहिले. ज्या कार्डासाठी सांगाडा उभारला ते नाहीसे झाले आणि त्याच सांगाड्यावर गल्ल्याचा हिशेब चढवला गेला.

स्वीकृतीचा वाद व तांत्रिक दोष : गल्ल्यावरील व्यवहार नोंदवणारा आज्ञावलीचा भाग सुरुवातीपासून दुबळा होता. १९९८ मध्ये कंपनीच्याच एका अंतर्गत पथकाने त्याच्या संहितेचा दर्जा निकृष्ट असल्याचे लिहून ठेवले होते आणि काही भाग नव्याने लिहावा असे सुचवले होते. तो नव्याने लिहिला गेला नाही. १९९९ च्या उन्हाळ्यात प्रणाली स्वीकारावी की नाही यावर पोस्ट ऑफिस व कंपनी यांच्यात रस्सीखेच झाली. ‘स्वीकृती-घटना ३७६’ या नावाने नोंदलेला आक्षेप नेमका हिशेबाच्या अखंडतेविषयी होता: गल्ल्यावर घडलेला व्यवहार आणि मध्यवर्ती नोंदीत उमटलेला व्यवहार जुळत नव्हते. २४ सप्टेंबर १९९९ च्या पूरक कराराने अटी घालून स्वीकृती दिली. नोव्हेंबरात उभारणी थांबवण्यात आली आणि जानेवारी २००० मध्ये ती पुन्हा सुरू झाली. म्हणजे आकडे चुकू शकतात, ही गोष्ट पोस्ट ऑफिसच्या स्वतःच्या दप्तरात पहिल्या खटल्यांच्या वेळीच नोंदलेली होती.

पहिल्या पिढीतील होरायझन ‘रिपोस्ट’ या संदेशवहन आज्ञावलीवर चालत असे. प्रत्येक व्यवहार त्या गल्ल्याच्या संगणकात साठे, मग त्याच कार्यालयातील इतर गल्ल्यांवर त्याची नक्कल होई आणि दूरध्वनीच्या तारेवरून तो मध्यवर्ती केंद्रात पोचे. या नकलेत अडथळा आला की एका गल्ल्याला दिसणारी नोंद दुसऱ्याला दिसत नसे. स्कॉटलंडमधील फॉलकर्क येथील कॅलेंडर स्क्वेअर कार्यालयात २००५ मध्ये उघड झालेला दोष याच प्रकारचा होता. रोकड एका गल्ल्यावरून दुसऱ्यावर पाठवली, समोरच्या गल्ल्याला ती ‘आली’ असे दिसले नाही, म्हणून पुन्हा नोंद केली, की हिशेबात तीच रक्कम दोनदा धरली जाई. या दोषाचे मूळ २००० पासून प्रणालीत होते; दुरुस्ती २००६ मध्ये झाली. २०१० च्या नव्या आवृत्तीत हिशेब थेट मध्यवर्ती केंद्रात ठेवला जाऊ लागला, तरी जमा व खर्चाची बाजू न जुळण्याचा दोष त्याच वर्षी आढळला.

सब-पोस्टमास्तरांचा करार : कंत्राटदाराच्या जबाबदारीवर वर्षानुवर्षे वाटाघाटी झाल्या, सब-पोस्टमास्तराची जबाबदारी मात्र एका कलमात आटोपली होती. निष्काळजीपणा, हयगय किंवा चूक यांमुळे झालेले नुकसान त्याने भरून द्यावे, असे ते कलम. त्याचा अर्थ व्यवहारात ‘पडद्यावर दिसणारी प्रत्येक तूट त्याने भरावी’ असा केला गेला. २००५ पर्यंत वादग्रस्त रक्कम तात्पुरत्या खात्यात बाजूला ठेवता येई. त्या वर्षीच्या बदलांनंतर ती सोय गेली. हिशेबाचा महिना बंद केल्याशिवाय दुसऱ्या दिवशी गल्ला उघडता येत नसे आणि तूट मान्य केल्याशिवाय महिना बंद होत नसे. गल्ला उघडा राहावा म्हणून अनेकांनी न जुळणारा आकडा जुळल्याचे दाखवले, आणि तेच कृत्य ‘खोटे हिशेब ठेवणे’ या गुन्ह्यात बसले. मदतकेंद्राला दूरध्वनी करणाऱ्यांना ‘ही अडचण फक्त तुम्हालाच आहे’ असे सांगितले जात असल्याच्या साक्षी पुढे मोठ्या संख्येने झाल्या.

प्रणालीचा मूळ नोंद-साठा फुजित्सूच्या ताब्यात होता. तो मागवण्याची सोय करारात होती, पण वर्षाला ठरावीक संख्येपर्यंतच. त्यापुढे पैसे पडत. या एका व्यापारी अटीचा परिणाम असा, की आरोपीच्या बाजूने सर्वांत महत्त्वाचा असलेला पुरावा अनेकदा मागवलाच गेला नाही.

पुराव्याचा नियम : इंग्लंड व वेल्समध्ये १९८४ च्या पोलीस व फौजदारी पुरावा कायद्याच्या कलम ६९ नुसार संगणकीय नोंद पुराव्यात आणण्यापूर्वी संगणक नीट चालत होता हे दाखवावे लागे. विधी आयोगाने १९९७ मध्ये हे कलम अव्यवहार्य ठरवले. १९९९ च्या कायद्याने ते रद्द झाले आणि एप्रिल २००० पासून जुने गृहीतक परत आले: उलट दिसेपर्यंत यंत्र नीट चालते असे मानावे. होरायझनची उभारणी आणि हा बदल एकाच सुमारास झाले, हा निव्वळ योगायोग. पण त्याची किंमत मोठी पडली. काही संगणकशास्त्रज्ञ या गृहीतकालाच दोष देतात. मोठ्या आज्ञावलीत दोष असतातच, आणि ते बहुतांशी अदृश्य असतात, तेव्हा ‘नीट चालते’ असे मानण्याला शास्त्रीय आधार नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. कायदेपंडितांचा एक गट खरा दोष माहिती दडवण्यात पाहतो. ज्ञात दोष बचाव पक्षाला कळवले असते तर गृहीतक आपोआप कोसळले असते, असे हा गट म्हणतो. अपील न्यायालयाच्या २०२१ च्या निकालाचा भर दुसऱ्या बाजूवर आहे. तरीही ब्रिटिश सरकारने जानेवारी २०२५ मध्ये या गृहीतकाच्या फेरविचारासाठी मते मागवली.

भारतीय वाचकासाठी येथे एक धागा जोडता येतो. भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५ब मधील प्रमाणपत्राची अट ब्रिटनच्या १९६८ च्या दिवाणी पुरावा कायद्यावरून घेतलेली आहे. ब्रिटनने ती सोडली. भारतात ती टिकली. जालना विधानसभा मतदारसंघातील उमेदवारी अर्जांच्या वेळेवरून उद्भवलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये हे प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे पुन्हा सांगितले. २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमात ही अट कलम ६३ मध्ये आली आहे. अर्थात, प्रमाणपत्र देणारा यंत्राचा ताबेदारच असेल तर अशा अटीने होरायझनसारखा प्रसंग टळेलच असे नाही.

निवाडे : सब-पोस्टमास्तरांची संघटना २००९ मध्ये ॲलन बेट्स यांच्या पुढाकाराने उभी राहिली. तिच्या सामूहिक दाव्यात ५५५ वादी होते. मार्च २०१९ च्या निकालात न्यायमूर्ती पीटर फ्रेझर यांनी कराराचा पोस्ट ऑफिसने लावलेला अर्थ फेटाळला. त्यावर पोस्ट ऑफिसने न्यायमूर्तींनीच खटल्यातून बाजूला व्हावे असा अर्ज केला. तो नामंजूर झाला. डिसेंबर २०१९ च्या दुसऱ्या निकालाने पहिल्या पिढीतील होरायझन भरवशाचे नव्हते आणि फुजित्सूच्या कर्मचाऱ्यांना शाखेच्या हिशेबात दुरून बदल करता येत होते, हे प्रस्थापित केले. पोस्ट ऑफिसशी झालेल्या ५ कोटी ७७ लाख ५० हजार पौंडांच्या तडजोडीतील बहुतांश रक्कम दाव्याच्या खर्चात गेली. एप्रिल २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ३९ जणांच्या शिक्षा रद्द केल्या. जानेवारी २०२४ मध्ये एका दूरचित्रवाणी मालिकेने लोकमत पेटवल्यावर, २४ मे २०२४ रोजी संमत झालेल्या कायद्याने उरलेल्या शिक्षा सरसकट रद्द झाल्या. स्कॉटलंडने स्वतंत्र कायदा केला. संसदेने न्यायालयांचे निकाल घाऊक पुसून टाकण्याचा हा प्रकार घटनात्मकदृष्ट्या अपूर्व मानला जातो.

उत्तरदायित्व : निवृत्त न्यायाधीश सर विन विल्यम्स यांच्या वैधानिक चौकशीचा पहिला खंड ८ जुलै २०२५ रोजी प्रसिद्ध झाला. किमान १३ जणांनी या प्रकरणामुळे आत्महत्या केली असण्याची शक्यता त्यात नोंदवली आहे. प्रणाली चुकू शकते हे आयसीएल व फुजित्सूमधील अनेकांना ठाऊक होते, तरी आकडे अचूकच असतात ही कल्पित कथा पोस्ट ऑफिसने टिकवून ठेवली, असेही तो म्हणतो. भरपाईचा १ अब्ज पौंडांहून मोठा भार तोवर करदात्यांवर पडला होता. भरपाईत वाटा उचलण्याचे नैतिक बंधन फुजित्सूने जानेवारी २०२४ मध्ये संसदीय समितीपुढे मान्य केले. आकडा मात्र चौकशीअंती ठरवू, अशी भूमिका घेतली. २०१२ ते २०१९ या काळातील पोस्ट ऑफिसच्या मुख्य कार्यकारी अधिकारी पॉला व्हेनेल्स यांचा ‘सीबीई’ हा राजकीय सन्मान काढून घेण्यात आला. कंत्राटदाराच्या साक्षीदारांविषयीची कागदपत्रे न्यायमूर्ती फ्रेझर यांनी २०२० मध्येच अभियोग संचालकांकडे पाठवली होती. पोलीस तपास सुरू होता, तरी पहिला खंड प्रसिद्ध होईपर्यंत कोणावरही आरोपपत्र नव्हते.

तुलनेसाठी ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड आरोग्य खात्याच्या वेतनप्रणालीचे उदाहरण दिले जाते. मार्च २०१० मध्ये सुरू झालेल्या या प्रणालीने हजारो कर्मचाऱ्यांचे पगार चुकीचे काढले. २०१३ च्या चौकशी आयोगाने एकूण भार १.२ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर असल्याचा अंदाज मांडला. कंत्राटदार आयबीएम कंपनीवरील सरकारी दावा मात्र टिकला नाही, कारण २०१० मध्ये सरकारनेच तडजोडीच्या कागदावर कंपनीला दायित्वातून मोकळे केले होते. १९९९ च्या ब्रिटिश तडजोडीशी याचे साम्य उघड आहे. फरक इतकाच की क्वीन्सलंडच्या परिचारिकांचा पगार चुकला. ब्रिटनच्या सब-पोस्टमास्तरांना खोटी तूट स्वतःच्या खिशातून भरावी लागली.