टप कापतात ते वजनासाठी नव्हे

परवा भाच्याने एक व्हिडिओ दाखवला. 1934 ची फोर्ड कूप, म्हणजे दोन दारांची बंद टपाची गाडी, रंग खरवडलेला, आणि एक माणूस ग्राइंडर घेऊन तिच्या टपाचे खांब कापतोय. सगळे खांब कापून झाल्यावर दोघातिघांनी टप उचलून बाजूला ठेवला, खांबांचे दहा-दहा सेंटिमीटरचे तुकडे काढून टाकले आणि टप परत खाली बसवला. ‘मामा, गाडी हलकी झाली की जास्त पळते, म्हणून करतात हे,’ भाचा म्हणाला.

हा समज बऱ्याच जणांचा असतो. पण कापलेले तुकडे तराजूत टाकले तर काही किलोच भरतील. शिवाय हीच मंडळी नंतर त्याच गाडीत शिशाची वजनं बोल्टने आवळून बसवतात, तीही थोडीथोडकी नाही. मग टप कापायचा कशासाठी?

जुन्या गाड्या अशा कापून-जोडून कमाल वेगाने पळवायचा हा खेळ मूळचा अमेरिकेतला. दक्षिण कॅलिफोर्नियात म्युरॉकसारख्या आटलेल्या तळ्यांच्या सपाट तळावर तरुण पोरं जुन्या फोर्ड गाड्या पळवायची. त्यांच्या क्लबांनी एकत्र येऊन 1937 मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन उभी केली. पुढे म्युरॉक लष्करी विमानतळाकडे गेलं. 1949 च्या ऑगस्टपासून युटा राज्यातल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर ‘स्पीड वीक’ हा कमाल वेगाचा मेळावा भरायला लागला. मैदान महाबळेश्वरपेक्षा किंचित कमी उंचीवर, जवळपास 1,300 मीटरवर आहे. तिथली उन्हाळ्यातली हवा विरळ असते, घनमीटरला साधारण एक किलो. हा आकडा हिशेबाला फार सोयीचा आहे, म्हणून हिशेब करूनच बघू.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. त्या विरोधावर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. समजा, गाडीचं समोरून दिसणारं क्षेत्रफळ 2 चौरस मीटर आहे आणि विरोधाचा गुणांक, म्हणजे गाडीचा आकार हवेला किती अडतो ते सांगणारा आकडा, 0.5. ताशी 200 मैल, म्हणजे 322 किलोमीटर वेगाला हवा सुमारे 4,000 न्यूटन बलाने मागे रेटते. एवढ्या विरोधाला नुसतं तोंड द्यायलाच जवळपास 480 अश्वशक्ती हवी. ताशी 100 मैलांना हेच काम 60 मध्ये भागतं. वेग दुप्पट, शक्ती आठपट!

आता टप कापा. उंची 10 सेंटिमीटरने कमी, टपाची रुंदी साधारण 1.1 मीटर. क्षेत्रफळ कमी झालं 0.11 चौरस मीटर, म्हणजे साडेपाच टक्के. पण शक्ती वेगाच्या घनाशी बांधलेली असल्याने कमाल वेगात फायदा होतो तो जेमतेम दोन टक्के, ताशी 6 किलोमीटर. एवढ्यासाठी कुणी सुंदर जुन्या गाडीला करवत लावेल? खरी कमाई क्षेत्रफळात नाही. ती आहे हवा पत्र्याला चिकटून राहते की सुटते, यात. मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत आवडती गोष्ट हीच.

पत्र्याला अगदी लागून हवेचा एक पातळ थर असतो. घर्षणामुळे त्याची गती मंदावलेली असते. टप सपाट असतो तोवर हा थर निमूटपणे पुढे सरकतो. मागच्या काचेकडे टप उतरायला लागला की त्याला कमी दाबाकडून जास्त दाबाकडे जावं लागतं. दमलेल्या माणसाला चढ लागावा, तशी त्याची गत होते. उतार हळुवार असेल तर तो कसाबसा निभावतो. उतार एकदम तीव्र असेल तर थर थांबतो, उलटा फिरतो आणि मुख्य प्रवाह पत्र्यापासून सुटतो. सुटला की गाडीच्या मागे भोवऱ्यांनी भरलेला कमी दाबाचा पट्टा तयार होतो. धुळीच्या रस्त्यावर एसटीच्या मागच्या काचेवर जाड थर बसतो, तो याच भोवऱ्यांमुळे. पुढे दाब जास्त, मागे कमी, आणि हा फरक गाडीला सतत मागे खेचत राहतो.

हे डोळ्यांनी बघता येतं. टपावर बोटभर लांबीचे लोकरीचे धागे चिकटपट्टीने ओळीत लावायचे आणि शेजारच्या गाडीतून चित्रण करायचं. जिथे हवा चिकटलेली आहे तिथे धागे पत्र्यावर शिस्तीत आडवे पडतात. जिथे सुटली, तिथे ते वेड्यासारखे फडफडतात, कधी चक्क उलटे, पुढच्या दिशेला तोंड करतात.

समोरची काच उभी असेल तर हवा तिच्या वरच्या कडेलाच सुटते. म्हणून डिक आणि बॉब पिअरसन या भावांनी आपल्या 1934 च्या फोर्ड कूपचा टप कापताना काच भरपूर मागे कलती केली. टप बुटका झाला की मागचा उतारही लांब आणि हळुवार करता येतो. या सगळ्याने गुणांक 0.5 वरून समजा 0.42 वर आला, तर क्षेत्रफळाचा फायदा धरून कमाल वेग आठ टक्क्यांनी वाढतो. आता ताशी 6 नव्हे, 26 किलोमीटर!

गंमत अशी की, सुताराच्या पद्धतीने विचार केला तरी काच कलती करावीच लागते. खांब उभ्या रेषेपासून 30 अंश झुकलेला असेल आणि त्यातून 10 सेंटिमीटर उंचीचा तुकडा काढला, तर वरचं टोक खालच्या टोकावर बसतच नाही. ते 5.8 सेंटिमीटर मागे पडतं. मागच्या खांबांचं उलट, तिथे वरचं टोक पुढे पडतं. मग एक तर टप मधोमध आडवा कापून पत्र्याची पट्टी घालून लांबवायचा, नाही तर खांब आणखी झुकवायचे. 1934 च्या फोर्डचे खांब बरेच उभे असल्याने ती त्यातल्या त्यात सोपी. 1949 च्या मर्क्युरीसारख्या गोलाकार गाडीत चांगल्या कारागिराचाही कस लागतो.

आता शिशाचं कोडं. वाकलेल्या टपावरून जाताना हवेची वाटही वाकते. गोफणीतल्या दगडाला वळायला दोरीचा ताण लागतो, तसं हवेलाही वळायला आतल्या बाजूला बल लागतं. ते मिळतं दाबाच्या फरकातून, म्हणून टपालगत दाब कमी होतो आणि गाडी वर उचलली जाते. (‘वरची हवा लांबचा रस्ता कापून खालच्या हवेला गाठते’ हे आपल्याला शिकवलेलं स्पष्टीकरण चूक आहे. हवेच्या दोन कणांनी पुन्हा भेटायचं काही ठरवलेलं नसतं.) आपल्या उदाहरणात उचल गुणांक 0.3 धरला तर ताशी 200 मैलांना सुमारे 245 किलो वजन नाहीसं होतं. मिठावर टायरची पकड डांबरी रस्त्याच्या मानाने कमी, आणि हवेला ढकलायला लागतात 4,000 न्यूटन. मागच्या चाकांवर पुरेसं वजन नसेल तर इंजिन कितीही ताकदवान असो, चाकं जागच्या जागी फिरतात. म्हणून शिसं. बुटक्या टपावरून हवेला कमी वळावं लागतं, त्यामुळे उचलही थोडी घटते.

अमेरिकन शर्यतींत हिरवी गाडी अशुभ मानायची जुनी समजूत आहे. आपल्याकडे बंपरला लिंबू-मिरची बांधतात. गाडी उलटायची ती उचल आणि पकड यांच्या हिशेबाने, रंगाने नाही. तसंच शहरात ताशी 40 ने चालणाऱ्या हॅचबॅकला मागे पंख लावून मायलेज वाढतं असं कुणी सांगत असेल, तर वेगाचा वर्ग आठवावा. एवढ्याशा वेगाला त्या पंखात पैसे घालण्यासारखं काही नाही.

एक धोका मात्र टप कापून जात नाही. मिठावर गाडी घसरून आडवी झाली की हवा टपावरून बाजूने वाहू लागते आणि टपाचा बाक पंखासारखा वागतो. म्हणून बऱ्याच गाड्यांच्या टपावर पुढून मागे जाणाऱ्या दोन उभ्या पट्ट्या दिसतात. सरळ जाताना त्या हवेला जवळपास जाणवतही नाहीत. गाडी आडवी झाली की प्रवाह त्यांना धडकतो आणि टपावरून सुटतो, आणि उचल कोसळते. टपभर जी हवा चिकटवून ठेवायला एवढा आटापिटा केला, तीच इथे मुद्दाम सोडवलेली असते.