कानाला फसवणारं विमान

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला हवाई दलाच्या मिग-२१ या जुन्या लढाऊ विमानाचा निरोपसमारंभ झाला आणि पुढचे दोन-तीन दिवस आमच्या उदगीरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जो तो विमानतज्ज्ञ झाला होता. एकानं टाकलं, आता पायलट सिम्युलेटरवरच (म्हणजे जमिनीवरच्या खोट्या विमानावर) तयार होतात, खरं विमान उडवायची गरजच राहिली नाही. लगेच दुसरा म्हणला, सिम्युलेटर म्हणजे आमची पोरं मोबाईलवर खेळायलेत तोच गेम की, फक्त पडदा मोठा. दोघांचंही चुकतंय, पण का चुकतंय ते ग्रुपवर चार ओळीत सांगता येईना, म्हणून हे लांबण.

आपल्याकडं हा विषय तसा परका नाही. बिदरचं हवाई दलाचं केंद्र शेजारीच आहे (१९५६ पर्यंत तर उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यातच होते) आणि २००८ पासून तिथं हॉक विमानावर फायटर पायलट घडवले जातात. सोयाबीन काढताना डोक्यावरून कान फाडत जातं ते बऱ्याचदा हॉकच असतं. आत बसलेल्या पोरांचे, आणि आता पोरींचेही, बरेच तास त्याआधी जमिनीवरच्या सिम्युलेटरमध्ये गेलेले असतात.

हॉक आलं कशामुळं, तर मिग-२१ मुळंच. नवा पायलट किरणसारख्या सावकाश ट्रेनर विमानावर शिकायचा आणि तिथून थेट मिगवर जायचा, जे उतरतानाच ताशी ३०० किलोमीटरच्या वर असतं. मधली पायरीच नव्हती. ती पाहिजे असं ला फोंटेन समितीनं १९८२ मध्ये सांगितलं आणि ६६ हॉक विमानांचा करार झाला २००४ मध्ये. मधल्या बावीस वर्षांबद्दल काय बोलायचं, जाऊ द्या.

सिम्युलेटरची गोष्ट मात्र याच्या लई आधीची. अमेरिकेत एडविन लिंक नावाच्या माणसाच्या वडिलांचा ऑर्गन बनवायचा कारखाना होता. तिथले भाते, झडपा, हवेच्या नळ्या जोडून त्यानं १९२९ मध्ये एक बुटकं खोटं विमान बनवलं, जे जागच्या जागी डोलायचं, वळायचं. सुरुवातीला ते घेतलं जत्रेतल्या खेळवाल्यांनी! मग १९३४ मध्ये अमेरिकी सैन्याकडं टपाल वाहायचं काम आलं, ढगात आणि अंधारात उडायची सवय नसलेले पायलट काही आठवड्यांत पटापट मेले, आणि सैन्यानं लिंककडून सहा यंत्रं विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात पाच लाखांच्या आसपास लोक या निळ्या डब्यात बसून शिकले.

आता यातला खरा मुद्दा बघा. त्यातले बरेच पायलट विमान उडवता येत नव्हतं म्हणून मेले नाहीत. ढगात शिरल्यावर त्यांच्या शरीरानं त्यांना खोटं सांगितलं आणि त्यांनी त्यावर विश्वास ठेवला. हा खोटं बोलणारा अवयव म्हणजे आपला आतला कान, आणि सिम्युलेटरचं अख्खं शास्त्र याच्याभोवती फिरतं.

कानात आत, ऐकण्याच्या भागाला चिकटूनच, तोल सांभाळायची यंत्रणा असते. तिचे दोन भाग. पहिला म्हणजे तीन अर्धवर्तुळाकार नळ्या, एकमेकींना साधारण काटकोनात, आत द्रव भरलेला. डोकं फिरलं की नळी फिरते पण द्रव जरा मागं राहतो, त्यामुळं आतला एक मऊ पडदा वाकतो आणि मेंदूला कळतं की आपण फिरतोय. पाण्यानं भरलेली बादली गरकन फिरवली तर बादली फिरते आणि पाणी क्षणभर तिथंच थांबतं, तसंच. पण बादली फिरवतच राहिलात तर? थोड्या वेळात पाणीही बादलीच्याच वेगानं फिरायला लागतं. कानातही हेच होतं. एकाच वेगानं दहा-वीस सेकंद फिरत राहिलं की द्रव नळीला गाठतो, पडदा सरळ होतो आणि मेंदू म्हणतो, थांबलो आपण. प्रत्यक्षात विमान अजून वळतच असतं. आणि मग पायलटनं वळण खरोखर थांबवलं की द्रव पुढं पळत राहतो आणि आपण उलट्या दिशेला फिरतोय असं वाटतं. तो बिचारा ते 'उलटं' फिरणं सुधारायला जातो आणि पुन्हा पहिल्याच वळणात शिरतो, विमान गोल गोल फिरत खाली. याला इंग्रजीत जे नाव आहे त्यात स्मशान हा शब्द आहे.

दुसरा भाग अजून भारी. एका चिकट पडद्यावर बारीक बारीक खडे पसरलेले असतात, कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे आपली चुनखडी जी आहे तेच. डोकं मागं कललं की खडे मागं घसरतात, खालचे केस वाकतात, मेंदूला कळतं की आपण कललो. पण गाडीनं एकदम वेग घेतला तरी खडे मागंच घसरतात! म्हणजे मान मागं गेली आणि गाडी पुढं सुटली, या दोन्हींत खड्यांचा संदेश तोच. हा कानाचा दोष नाही बरं का, गुरुत्वाकर्षण आणि प्रवेग यांच्यात फरकच करता येत नाही हे आइनस्टाइननं सांगितलेलं आहे, सापेक्षतेचा मोठा सिद्धांत त्यानं त्याच पायावर उभा केला. आपल्याला रोज फरक कळतो तो मुख्यतः डोळ्यांमुळं. डोळे झाका, संपलं.

अंधाऱ्या रात्री फायटर विमान जोरात वेग घेत उडालं की बाहेर काही दिसत नाही, खडे मागं घसरलेले, आणि पायलटला आतून पक्कं वाटतं की विमानाचं नाक आभाळाकडं चाललंय. तो काठी पुढं ढकलतो. विमान मुळात ठीक वर चढत होतं, ते आता जमिनीकडं किंवा समुद्राकडं निघतं. अशात चांगले अनुभवी पायलट गेलेत, विमानात काही बिघाड नसताना.

इथं चकव्याबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. रात्री शेतातून येताना माणूस तासभर चालतो आणि परत त्याच बांधावर येतो, मग गावात चकवा लागला म्हणून नारळ फुटतो, दोरा बांधला जातो. २००९ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी माणसांना सहारा वाळवंटात आणि जंगलात जीपीएस लावून सरळ चालायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर लोक बऱ्यापैकी सरळ चालले, ढग आले की गोल फिरून स्वतःचीच वाट ओलांडू लागले आणि आपण सरळच चाललोय असं त्यांना ठाम वाटत होतं. बाहेरची खूण नसेल तर शरीराला दिशा कळत नाही, एवढंच. चकवा बांधावर नाही, डोक्यात आहे, आणि तो हजारो तास उडलेल्या पायलटलाही लागतो. त्याच्यावर उतारा एकच, समोरच्या घड्याळांवर (म्हणजे उंची, वेग, कल दाखवणाऱ्या तबकड्यांवर) विश्वास, शरीर काहीही म्हणो.

आता सिम्युलेटरची गंमत. ज्या दोषामुळं पायलट मरतो, नेमका तोच दोष वापरून सिम्युलेटर त्याला खरं वाटायला लावतो. समजा खोलीतल्या खोलीत तुम्हाला धावपट्टीवर वेग घेतल्याचं वाटवायचंय. केबिन पुढं पळवावी तर मीटर-दीड मीटरच जागा. मग काय करतात, सुरुवातीला केबिनला पुढं एक छोटा हिसका देतात, कानाला वाटतं निघालो. त्यानंतर ती हळूच मागं जागेवर आणतात, इतकी हळू की कानाला कळूच नये, आणि त्याच वेळी केबिन मागं कलवतात, सेकंदाला साधारण दोन-तीन अंशांच्या आत, कारण त्याहून सावकाश कलणं त्या नळ्यांच्या लक्षातच येत नाही. समोरच्या पडद्यावर क्षितिज मात्र सपाट ठेवायचं. आता तुमचंच वजन तुम्हाला पाठीमागं खुर्चीत दाबायला लागतं आणि मेंदू म्हणतो काय वेग घेतलाय गड्या! २० अंश कलवलं तर साइन २० म्हणजे ०.३४, म्हणजे गुरुत्वाच्या एक तृतीयांशाएवढा प्रवेग, फुकटात.

हे सगळं करतात सहा पाय. पंपासारखे लांब-आखूड होणारे सहा दांडे, वर केबिन, खाली जमीन. वर-खाली, पुढं-मागं, डावं-उजवं आणि तिन्ही अक्षांभोवती फिरणं अशा सहा हालचाली, म्हणून सहा पाय. याला स्टुअर्ट प्लॅटफॉर्म म्हणतात, स्टुअर्टनं १९६५ मध्ये तो सिम्युलेटरसाठी मांडला, पण डनलॉप कंपनीत गॉफ नावाच्या इंजिनिअरनं त्याआधीच टायर तपासायला तसलं यंत्र केलं होतं. त्यातलं गणित मला लई आवडतं. केबिन कुठं पाहिजे ते ठरवलं की प्रत्येक पायाची लांबी काढणं सोपं, बारावीच्या सदिशांचं गणित. पण उलटं विचारलं, की सहा लांबी दिल्यात, आता केबिन कुठंय सांगा, तर समीकरणं अशी गुंततात की ४० पर्यंत उत्तरं निघू शकतात! एकाच सहा लांबींना चाळीस जागा (त्यातल्या बऱ्याच प्रत्यक्षात शक्यच नसतात, पण गणिताला काय त्याचं). ज्यांना हे डोक्यावरून गेलं त्यांनी सोडून द्या, पुढं अडत नाही.

पण हे सहा पाय जास्त करून प्रवासी विमानांच्या सिम्युलेटरला. फायटरचे बरेचसे सिम्युलेटर हलतच नाहीत! माणूस गोल घुमटात स्थिर बसतो, सगळीकडं चित्र पडतं, आणि डोळ्यांमुळंच हलल्यासारखं वाटतं, बसस्टँडवर शेजारची एसटी मागं सरकली की आपलीच सुटली असं वाटतं तो प्रकार. कारण साधं आहे. कलवून कलवून तुम्ही गुरुत्वाकर्षण उसनं घेणार, ते आहेच मुळी एक जी (जमिनीवर आपलं जे नेहमीचं वजन, तो एक जी). फायटर वळणात सहा, सात, कधी नऊ जी लावतं, ते कुठून आणायचं? म्हणून खुर्चीतल्या उशा फुगवून पाठ दाबतात, अंगावरच्या जी-सूटमध्ये हवा भरून मांड्या आवळतात, एवढ्यावर भागवायचं. खरा जी पाहिजे तर लांब हाताच्या टोकाला माणूस बसवून गरगर फिरवणारं सेंट्रीफ्यूज लागतं, आपल्याकडं ते बंगळूरला हवाई दलाच्या वैद्यकीय संस्थेत आहे. तिथं पोटाचे, मांड्यांचे स्नायू आवळून श्वास कसा धरायचा ते शिकवतात, कारण डोक्यातलं रक्त खाली गेलं तर मेंदूजवळ चार-पाच सेकंदांची शिल्लक असते, नंतर शुद्ध जाते.

मग न हलणाऱ्या घुमटात शिकतात काय? जे आभाळात शिकवता येत नाही ते. इंजिन बंद पडलं, आग लागली, पक्षी घुसला, हे खऱ्या विमानात मुद्दाम कोण करणार? इथं इन्स्ट्रक्टर बटण दाबतो, आग लागते, पोरगं गडबडतं, इन्स्ट्रक्टर सगळं जागच्या जागी थांबवतो, चूक दाखवतो आणि परत तिथूनच सुरू. मोबाईलच्या गेममध्ये चुकलं तर दुसरा जीव मिळतो आणि विसरून जाता येतं, इथं त्या चुकीची चिरफाड होते, त्यात बराच फरक आहे.

आणि जे म्हणायलेत की आता खरं विमान नकोच, किंवा व्हीआर गॉगल लावा आणि फायटर पायलट व्हा अशा जाहिराती बघून भारावलेत, त्यांच्यासाठी. सिम्युलेटरमधलं विमान म्हणजे समीकरणं, आणि ती पवन-बोगद्यातल्या (जिथं विमानाच्या नमुन्यावर जोराची हवा सोडून मोजमाप घेतात) आणि चाचणी उड्डाणांतल्या आकड्यांवर चालतात. जिथपर्यंत आकडे आहेत तिथपर्यंत वागणूक खरी. पंखांवरची हवा सुटून विमान कोलमडायला लागलं की आकडे विरळ होतात, आणि तरी पडद्यावर चित्र तितकंच झकास दिसतं. तिथं चुकीची सवय हाताला लागली तर ती खऱ्या विमानात जीवावर बेतते. भीती तर सिम्युलेटरमध्ये नाहीच, चुकलं तरी संध्याकाळी मेसमध्ये जेवायला जाणार हे पोराला माहीत असतं.

शिवाय घुमटात उलट्या होतात. डोळे म्हणतात उलटे झालो, कान म्हणतो काही नाही झालं, आणि चित्र हाताच्या हालचालीपेक्षा सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त मागं पडलं तर त्रास अजून वाढतो. यात नवख्यांपेक्षा अनुभवी पायलटांना जास्त त्रास होतो असं आढळलंय, कारण त्यांच्या मेंदूला खरं वळण कसं लागतं ते पाठ असतं आणि नक्कल लगेच खटकते. काहींना घरी गेल्यावरही तासन्‌तास जमीन हलल्यासारखी वाटते, म्हणून सिम्युलेटरमधून उतरल्यावर ठरावीक तास खरं विमान उडवायचं नाही असा नियम कित्येक ठिकाणी असतो.