एकच शब्द, दोन दहने: इथेरियम आणि इथेरियम मॅक्स

ही दोन नावे शेजारी वाचली, तर दुसरे पहिल्याचीच सुधारित आवृत्ती असावी असे कोणालाही वाटेल, आणि नाव ठेवणाऱ्यांना हा गैरसमज फारसा खुपला असेल असे मला वाटत नाही. इथेरियम म्हणजे क्रिप्टोचलनाचे व्यवहार नोंदवणारे, अनेक संगणकांनी मिळून चालवलेले नेटवर्क. प्रत्यक्षात २०२१ मध्ये आलेले इथेरियम मॅक्स हे त्या नेटवर्कवर कोणालाही काढता येतात अशा असंख्य टोकनांपैकी, म्हणजे आभासी नाण्यांपैकी, एक होते; त्यापलीकडे दोघांचे नाते नव्हते.

त्या वर्षीच्या जूनमध्ये अमेरिकी टीव्ही तारका किम कार्दाशियन यांनी इन्स्टाग्रामवर कळवले, की मॅक्सच्या चालकांनी ४०० लाख कोटी टोकन, म्हणजे आपल्या वॉलेटमधला निम्मा साठा, 'बर्न' करून सर्वांना परत दिला आहे. मित्रांनी सांगितले म्हणून सांगते, असा त्या मजकुराचा सूर होता. जाहिरातीचा हॅशटॅग होता, मात्र मिळालेल्या अडीच लाख डॉलरचा उल्लेख नव्हता. बर्न म्हणजे ज्याची किल्ली कोणाकडेच नाही अशा पत्त्यावर टोकन कायमचे पाठवून देणे. चालकांनी जो आकडा स्वतःच फुकटात लिहिला होता, त्यातला अर्धा स्वतःच खोडला. माल कमी झाला म्हणून भाव चढेल, या आशेपलीकडे टोकनधारकाच्या पदरात काही पडले नाही.

योगायोगाने दोनच महिन्यांनी, ५ ऑगस्ट २०२१ रोजी, इथेरियमवरही बर्न सुरू झाले. तोवर व्यवहार लवकर नोंदवला जावा म्हणून किती शुल्क द्यायचे हे वापरकर्त्याला लिलावासारखे अंदाजाने ठरवावे लागे आणि ते सगळे मायनरांना, म्हणजे भरपूर वीज खाणारे संगणक चालवून व्यवहार नोंदवणाऱ्यांना, मिळे. 'लंडन' या सुधारणेनंतर आधीचा ब्लॉक, म्हणजे एकत्र नोंदवलेल्या व्यवहारांचा गठ्ठा, किती भरला होता यावरून मूळ शुल्क नेटवर्कच ठरवू लागले, आणि ते कोणाच्याही खिशात न जाता नष्ट होऊ लागले. इथे जळते ते वापरकर्त्याने खरोखर मोजलेले शुल्क. मिळकत घटणार म्हणून अनेक मायनरांनी आधीच विरोध केला होता, यावरूनच हे दहन कोणाला तरी महागात पडत होते हे कळते. अर्थात यावरूनही 'सोन्याहून पिवळे' छापाच्या घोषणा समर्थकांनी दिल्याच; खऱ्या कामाला ढोल वाजवणारे लाभत नाहीत असे नाही.

पुढे १५ सप्टेंबर २०२२ रोजी, तीन चाचणी नेटवर्कांवर रंगीत तालीम झाल्यावर, इथेरियमने मायनिंगच सोडून दिले आणि त्याचा वीजवापर सुमारे ९९.९५ टक्क्यांनी घटला. त्या दिवशी इथरचा, म्हणजे इथेरियमच्या स्वतःच्या नाण्याचा, भाव मात्र उतरला. त्यानंतर अठराव्या दिवशी अमेरिकेच्या रोखे आयोगाने कार्दाशियन यांच्याशी झालेली तडजोड जाहीर केली: आरोप मान्य वा अमान्य न करता त्या १२.६ लाख डॉलर भरणार होत्या. आयोगाचा आक्षेप मोबदला लपवल्याचा होता. ते टोकन मुळात कशाच्या कामाचे, हा प्रश्न त्यात नव्हता.