विभागाचा आराखडा वेगळा, अनुदानाचा प्रस्ताव वेगळा

‘पुढच्या दहा वर्षांचं काहीतरी लिहून द्या’ असं पत्र भौतिकशास्त्र विभागात आलं की बहुतेक ठिकाणी मागचा एखादा अनुदानाचा प्रस्ताव उघडला जातो. तारखा बदलतात, उपकरणांची यादी ताजी होते आणि वर ‘विकास आराखडा’ असं शीर्षक चढतं. उलटंही घडतं. निधीची जाहिरात निघाली की आराखड्यातली चार पानं उचलून प्रस्तावात चिकटवली जातात. दोन्ही कागद त्याच माणसांनी, त्याच विभागाबद्दल लिहिलेले असतात, त्यामुळे गल्लत होणं स्वाभाविक आहे. पण तिची किंमत पुढे दहा-पंधरा वर्षं मोजावी लागते. बंद पडलेल्या यंत्रांनी भरलेल्या खोल्या हे त्याचं सगळ्यात ठळक रूप.

प्रस्ताव हा निधी देणाऱ्याच्या प्रश्नांना दिलेलं उत्तर असतो. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची ‘फिस्ट’ योजना (विभागांना उपकरणं आणि पायाभूत सुविधांसाठी निधी देणारी) 2000 साली सुरू झाली, तिच्या प्रकल्पाची मुदत 5 वर्षांची. एखाद्या प्राध्यापकाच्या वैयक्तिक संशोधन प्रकल्पाची मुदत साधारण 3 वर्षांची. हे प्रकल्प आधी ‘सर्ब’कडे, म्हणजे विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळाकडे जायचे, आता त्यांची जागा ‘अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन’नं घेतली आहे. प्रस्तावात गरज, सध्याच्या सुविधा, शिक्षकांचे शोधनिबंध, उपकरणांचं समर्थन, दरपत्रकं आणि कुलसचिवांच्या सहीचं हमीपत्र लागतं. मुदत संपली की उपयोगिता प्रमाणपत्र जातं आणि फाइल बंद होते.

आराखड्याला असा वाचक बाहेर कुठे नसतो. तो विभागानं स्वतःसाठी घेतलेल्या निर्णयांचा कागद आहे: कोण निवृत्त होणार, त्या जागी कोणत्या विषयाचा माणूस हवा, कोणती प्रयोगशाळा बंद करायची, विजेचं बिल कोण भरणार. यातल्या बहुतेक गोष्टींना कोणतीही योजना पैसे देत नाही. म्हणूनच त्या प्रस्तावात येत नाहीत, आणि प्रस्तावालाच आराखडा मानणाऱ्या विभागात त्या कुठेच येत नाहीत.

एकच यंत्र, दोन्ही कागदांत

द्रव हीलियम न वापरता 4 केल्विनपर्यंत थंड करणारा बंद चक्राचा क्रायोस्टॅट घेऊ. प्रस्तावात त्याची एक ओळ असते: नाव, किंमत, तीन कंपन्यांची दरपत्रकं आणि ‘अतिवाहकता व चुंबकीय गुणधर्मांच्या अभ्यासासाठी अत्यावश्यक’ असं वाक्य.

आराखड्यात त्याच यंत्राला पानभर जागा लागते. अशा यंत्रणेचा कॉम्प्रेसर साधारण 7 किलोवॅट वीज खातो. वर्षभर अखंड चालला तर 61 हजार युनिटांहून जास्त. युनिटला 10 रुपये धरले तरी वर्षाला 6 लाखांवर खर्च, आणि त्यात चिलर, म्हणजे कॉम्प्रेसरला थंड पाणी पुरवणारं यंत्र, धरलेलाच नाही. थ्री फेज जोडणी हवी, वेगळं अर्थिंग हवं. चिलरचं पाणी बंद वळशातलं आणि कमी क्षारांचं हवं. नळाचं पाणी थेट सोडलं तर हीट एक्सचेंजर तुंबतो आणि कॉम्प्रेसर तापून ट्रिप होतो. शिवाय पुण्यात देखभालीसाठी पाणी बंद ठेवण्याचा दिवस बहुधा गुरुवार, म्हणजे नळावर भिस्त ठेवणाऱ्याचं मोजमाप आठवड्याच्या मधोमध तुटणार. कोल्ड हेडमधल्या (यंत्राच्या थंड होणाऱ्या भागातल्या) सीलची सर्व्हिसिंग साधारण 10 ते 20 हजार तासांनी येते. वर्षात 8,760 तास असतात, म्हणजे पहिली मोठी सर्व्हिसिंग अखंड वापराच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या आसपास, बहुतेकदा नेमकी वॉरंटी संपताना.

आता प्रस्तावासोबतचं हमीपत्र आठवा. त्यात मुदतीनंतरची देखभाल संस्था करील अशा अर्थाचा मजकूर असतो आणि त्यावर सही होते. पण विद्यापीठाच्या अर्थसंकल्पात त्या यंत्रासाठी लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं स्वतंत्र खातं, उघडलं जात नाही. पाचव्या वर्षी यंत्र बिघडतं, दुरुस्तीचं कोटेशन लाखांत येतं, आणि ‘हे कोणत्या शीर्षाखाली टाकायचं’ यावर फाइल वित्त विभागात फिरत राहते. यात कुणाचा आळस नसतो. हमी प्रस्तावात दिली आणि तरतूद आराखड्यात केली नाही, एवढंच. आमच्या मते यंत्राच्या किमतीच्या 5 ते 10 टक्के रक्कम दर वर्षी देखभालीसाठी दाखवता येत नसेल, तर त्या यंत्राचा प्रस्ताव पाठवूच नये. वापरशुल्कातून काही भरपाई होते, पण बाहेरून नमुने कोण आणणार याची नावं समोर असल्याशिवाय तो आकडा आराखड्यात लिहू नये.

किमतीच्या बाबतीतही दोन कागदांची चाल वेगळी. प्रस्तावातला आकडा एका दिवसाचा असतो. जुलै 2022 मध्ये विद्यापीठांना वैज्ञानिक उपकरणांवर मिळणारा 5 टक्के जीएसटीचा सवलतीचा दर गेला आणि बहुतेक उपकरणांना 18 टक्के लागू झाला. 1 कोटीच्या उपकरणामागे 13 लाखांचा फरक एका रात्रीत पडला, तोही मंजूर झालेल्या रकमेत. डॉलर वर गेला की हेच होतं. मग यादीतली शेवटची उपकरणं गळतात, आणि ती सहसा यूपीएस, डीह्युमिडिफायर, सुटे भाग अशी ‘किरकोळ’ असतात. पावसाळ्यात एफटीआयआर या अवरक्त वर्णपटमापकातला केबीआरचा (पोटॅशियम ब्रोमाइडचा) बीमस्प्लिटर दमटपणानं धुरकट झाला की किरकोळ म्हणजे काय ते कळतं.

किरणोत्सारी स्रोतांचं कॅलेंडर

एमएस्सीच्या अणुकेंद्रीय प्रयोगशाळेत दोन्ही कागदांचा काळ कसा वेगळा चालतो हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. सीझियम-137 चं अर्धायुष्य (सक्रियता निम्मी व्हायला लागणारा काळ) सुमारे 30 वर्षं, कोबाल्ट-60 चं 5.27 वर्षं, सोडियम-22 चं 2.6 वर्षं. तिन्ही स्रोत एकाच अनुदानातून एकाच दिवशी घेतले, तर दहा वर्षांनी सीझियम 79 टक्के उरलेला असतो, कोबाल्ट 27 टक्के आणि सोडियम फक्त 7 टक्के. सोडियम-22 च्या 511 केईव्ही ऊर्जेच्या गॅमा किरणांच्या शिखराचं जे मोजमाप सुरुवातीला 20 मिनिटांत व्हायचं, त्याच अचूकतेसाठी आता पावणेपाच तास लागतात. प्रात्यक्षिकाचा वेळ तेवढा नसतो. विद्यार्थी मोजण्या कमी घेतात, आलेखावर विखुरलेले बिंदू येतात आणि दोष ‘उपकरण जुनं आहे’ असा निघतो. किरण मोजणारा सिंटिलेशन डिटेक्टर उत्तम असतो; स्रोत संपलेला असतो.

प्रस्तावात ‘किरणोत्सारी स्रोत, 1 संच’ एवढं पुरतं. आराखड्यात प्रत्येक स्रोताच्या खरेदीची तारीख, सुरुवातीची सक्रियता आणि बदलायचं वर्ष हवं. जुना स्रोत अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसारच परत पाठवायचा असतो, त्याचा खर्च आणि जबाबदार माणसाचं नावही हवं. तो माणूस निवृत्त होऊन दुसरं नाव कळवलं गेलं नाही, तर नवी खरेदी अडकते.

माणसं

महाराष्ट्रात विद्यापीठातले शिक्षक वयाच्या 60 व्या वर्षी निवृत्त होतात. याचा अर्थ पुढच्या पंधरा वर्षांतली प्रत्येक निवृत्ती आज तारखेसह माहीत आहे. भविष्याबद्दल इतकी पक्की माहिती विभागाकडे दुसरी नाही, आणि तरी आराखड्यांत हा तक्ता क्वचितच दिसतो. प्रस्तावात तो कुणी मागत नाही. तिथे आजच्या शिक्षकांचे शोधनिबंध मोजले जातात. त्यामुळे दोन वर्षांत निवृत्त होणाऱ्या प्राध्यापकांच्या नावावर, त्यांच्याच विषयाचं, बारा वर्षं टिकणारं यंत्र येतं. प्रस्ताव मंजूर होतो, कारण त्यांचं काम खरंच मोठं असतं. नंतर ते यंत्र चालवणारं कुणी राहत नाही.

रिकामी झालेली जागा आपोआप भरत नाही. आरक्षणाची बिंदुनामावली तपासून घ्यायची, शासनाची परवानगी आणायची, मग जाहिरात, छाननी, निवड समिती. या साखळीला वर्षं लागतात. तोवर तासिका तत्त्वावर नेमलेले शिक्षक वर्ग सांभाळतात, पण त्यांच्यावर महागड्या यंत्राची जबाबदारी टाकणं अन्यायाचं आहे. म्हणून आराखड्यात एक नियम घालून घ्यावा: ज्या यंत्रापुढे दोन नावं लिहिता येत नाहीत, किंवा त्या दोघांपैकी एकही पुढची आठ वर्षं सेवेत राहणार नाही, ते यंत्र मागायचं नाही. तंत्रज्ञांचाही हाच हिशेब. वर्कशॉपमधला लेथ चालवणारा आणि व्हॅक्यूमची गळती शोधणारा माणूस गेला की विभागाचं किती अडतं, हे कोणत्याही शोधनिबंधाच्या यादीत दिसत नाही.

विद्यार्थीसंख्येचं गणितही आराखड्याचंच. नव्या शैक्षणिक धोरणाची पदवी राज्यातल्या स्वायत्त महाविद्यालयांत 2023-24 पासून आणि संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून सुरू झाली. चार वर्षांची पदवी घेतलेल्यांना एमएस्सी एका वर्षाची. म्हणजे संलग्न महाविद्यालयांतले असे विद्यार्थी 2028-29 मध्ये थेट एमएस्सीच्या अखेरच्या वर्षात येणार. त्यांना सगळ्यात जास्त लागेल तो प्रकल्पाचा मार्गदर्शक आणि प्रयोगशाळेतली जागा. त्यासाठी आज काही केलं नाही, तर त्या वर्षी एका मार्गदर्शकाकडे दहा-दहा प्रकल्प येतील आणि त्यातले बरेचसे नुसते संगणकावरचे असतील.

‘क्वांटम’ हा शब्द लिहिण्याआधी

राष्ट्रीय क्वांटम मोहिमेला एप्रिल 2023 मध्ये मंजुरी मिळाली: 6,003.65 कोटी रुपये, 2030-31 पर्यंत. तेव्हापासून हा शब्द प्रस्तावांत हमखास येतो, आणि संधी असताना तो यावाही. पण आराखड्यानं वेगळा प्रश्न विचारायचा असतो: हे आपण करायचं का, आणि कोणत्या पातळीवर?

पुणे विद्यापीठाचंच उदाहरण घ्या. गणेशखिंडीच्या आवारातच आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्राच्या संस्था आहेत, पाषाणला आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था आणि एनसीएल ही राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. त्यांच्याशी यंत्रांच्या किमतीत स्पर्धा करण्यात विद्यापीठाच्या विभागाला काही हशील नाही. त्यांच्याकडे नाही ते इथे आहे: पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक जिल्ह्यांतली संलग्न महाविद्यालयं, तिथले भौतिकशास्त्राचे शिक्षक आणि अभ्यास मंडळ. म्हणून एमएस्सीसाठी एकल फोटॉनांची शिकवण्याची प्रयोगशाळा हा आमच्या मते संशोधनाच्या एका मोठ्या यंत्रापेक्षा शहाणा निर्णय ठरेल.

तिचे भाग ठरलेले आहेत. 405 नॅनोमीटरचा जांभळा डायोड लेझर, बीबीओ (बेरियम बोरेट) स्फटिक, त्यातून निघणाऱ्या 810 नॅनोमीटरच्या फोटॉनांच्या जोड्या, ध्रुवक आणि अर्धतरंग पट्ट्या, अ‍ॅव्हेलांश फोटोडायोडचे डिटेक्टर आणि काही नॅनोसेकंदांच्या खिडकीत एकत्र आलेले स्पंद मोजणारा एफपीजीए (हवा तसा जुळवता येणारा इलेक्ट्रॉनिक चिप). कोनांच्या चार जोड्यांसाठी मिळून 16 मोजमापं घेतली की बेलच्या असमानतेची राशी, म्हणजे जोडीतल्या दोन फोटॉनांच्या मोजमापांचं नातं किती घट्ट आहे ते सांगणारा आकडा, काढता येते. स्थानिक वास्तववादात (कणांचे गुणधर्म आधीच ठरलेले असतात आणि दूरचा परिणाम तत्काळ होत नाही, असं मानलं तर) ती 2 च्या वर जात नाही, पुंजभौतिकीत 2.83 पर्यंत जाते. विद्यार्थ्यानं स्वतःच्या हातानं 2 ओलांडणं ही फार मोलाची गोष्ट आहे.

बिघडतं ते असं: डिटेक्टर चालू असताना कुणीतरी खोलीतला दिवा लावतं आणि लाखांचा डिटेक्टर जायबंदी होतो. नाहीतर बॅचमधल्या कुणाचा तरी धक्का एका आरशाला लागतो, एकत्र मोजण्या शून्यावर येतात आणि जुळवणी पुन्हा करायला दोन दिवस जातात. आराखड्यात म्हणून ‘1 संच’ लिहून भागत नाही. दोन संच, काळोखी खोली, दिव्याच्या बटणाला जोडलेला डिटेक्टरचा इंटरलॉक, जुळवणी येणारा एक कायम माणूस आणि मे महिन्यात महाविद्यालयीन शिक्षकांसाठी आठवड्याचं प्रशिक्षण, असं सगळं लागतं.

विद्यापीठ अनुदान आयोगाचा संस्थात्मक विकास आराखडा, मूल्यांकन करणाऱ्या नॅकला जाणारे वार्षिक अहवाल आणि विद्यापीठाचा बृहत् आराखडा हे आणखी तीन कागद याच गोंधळात मिसळतात. ते सगळे संस्थेच्या पातळीवरचे असतात. विभागानं त्यांच्यासाठी आकडे द्यावेत, पण त्यांतून स्वतःचे निर्णय निघतील अशी अपेक्षा ठेवू नये.

आधी काय, नंतर काय

आराखडा आधी लिहायचा, आणि त्याची सुरुवात डेड स्टॉकच्या, म्हणजे विभागाच्या कायम मालमत्तेच्या नोंदवहीपासून करायची. वही हातात घेऊन खोलीखोलीत फिरावं. प्रत्येक उपकरणापुढे चालू, दुरुस्त होण्याजोगं किंवा निर्लेखन (नोंदवहीतून काढून टाकणं) यांपैकी एकच शेरा लिहायचा. ‘पाहू’ हा शेरा चालत नाही. निर्लेखन समितीची बैठक लागली की दोन खोल्या तरी मोकळ्या होतात, आणि प्रस्तावात ‘जागा उपलब्ध’ हे खरं लिहिता येतं. त्यानंतर निवृत्तीचा तक्ता. त्यानंतर इमारतीचा मंजूर वीजभार आणि प्रत्यक्ष भार, विद्युत विभागाकडून लेखी. मग सगळ्यात अवघड पान: काय थांबवायचं. एखादा ऐच्छिक विषय किंवा ज्याला कुणी वाली नाही अशी प्रयोगशाळा. हे पान विभागप्रमुखानं एकट्यानं लिहू नये. प्रमुखपद फिरतं, पुढच्यानं ते बदललं की सगळं मुसळ केरात. विभागाच्या बैठकीत ठराव करून इतिवृत्तात नोंदवावं.

त्यातून जी आठ-दहा कामं उरतील त्यांचं प्रत्येकी एक पान करून ठेवायचं: उपकरण, दोन नावं, खोली, वीजभार, वार्षिक देखभाल आणि तिचं लेखाशीर्ष, ताजं दरपत्रक. दरपत्रकं सहा महिन्यांनी नव्यानं मागवायची. जाहिरात निघाली की मुदत थोडी असते. तेव्हा योजनेला जुळणारं पान काढायचं आणि फक्त गरजेचा मजकूर त्या योजनेच्या भाषेत लिहायचा. जुळणारं पान नसेल तर ती जाहिरात सोडून द्यायची. प्रस्ताव नामंजूर झाला तर परीक्षकांचे शेरे आणि तारीख त्याच पानामागे लावायची. आराखड्याला हात लावायचा तो वर्षातून एकदा, जूनमध्ये नवं सत्र सुरू होण्याआधी, ऐन मार्चच्या खर्चाच्या घाईत नाही.